दंडातली कांडी

पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक औषधाची चाचणी होती. तीन मुलांनंतर वहिनीने भावाचं नाव परस्पर देऊन टाकलेलं. तो भावासोबत नुसता आला होता. सुई दिसताच भाऊ आडवा झाला. त्याला वारा घालता घालता नर्सने वर पाहिलं.

"एक जागा रिकामी झालीय... तुम्ही येताय?"

तिच्या डोळ्यांकडे बघून माणसाने कशावरही सही केली असती. त्याने केली. लग्नाचा पत्ता नव्हता, पण पाळणा लांबवायची सोय झाली.

आठवड्याने दंडात कांडी बसली. आत संप्रेरक होतं की कांडी नुसतीच पोकळ, हे तिलाही ठाऊक नव्हतं. दर महिन्याला ती दंडावर दोन बोटं ठेवून कांडी जागेवर आहे ना बघायची. कांडी जाणार कुठे? पण ती बघायची, आणि तो पुढचा महिना त्या दोन बोटांवर काढायचा.

"झोप?"

"गाढ."

"भूक?"

"दणकून."

"धडधड?"

"छे!"

तिन्ही थापा. तक्रारी वाढल्या की कांडी बाहेर आणि माणूस घरी, असा नियम होता. घरी वहिनी विचारायची, "भाऊजी, चहात मीठ घालून पिताय, कळतंय का?" त्याला कळत नव्हतं.

वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी कांडी निघाली. पट्टी बांधून तिने त्याला वजनकाट्यावर उभं केलं, आणि त्याच्या खिशातून खलबत्त्यातला बत्ता धाडकन फरशीवर पडला.

काटा दीड किलोने उतरला.

"मी तुमच्या घरच्या बत्त्याचं वजन लिहीत होते? वर्षभर?"

"सहाच महिने," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "जेवण जात नाही हो. झोप नाही. धडधड तर..."

"कधीपासून?" तिने पेन उघडलं.

"भाऊ पडला — त्या दिवसापासून."

पेन थांबलं. "म्हणजे कांडी बसायच्या आधीपासून?"

"आठवडाभर आधी."

तिने लक्षणांचा रकाना कोराच सोडला. "मग हे औषधाच्या नावावर लिहिता येणार नाही. बत्ता मात्र लिहावा लागेल."

"आता मी कधी येऊ?"

"तीन महिन्यांनी, शेवटच्या तपासणीला. तोवर तुम्ही आमचे पेशंट. बाकी काही नाही."

"आणि त्यानंतर... लक्षणं तशीच राहिली तर?"

तिने पट्टीवर दोन बोटं ठेवली. कांडी ट्रेमध्ये पडली होती.

"काढलीत ना ती?" त्याने हळूच विचारलं.

"काढली," ती म्हणाली. बोटं काही तिने उचलली नाहीत.