पावसातला कोरडा पाईप

"मामा, भूतबित काही नसतं."

"नसतंच. मग जा, मागचं दार लावून ये."

कुणी उठलं नाही. लाईट कधीच गेलेली. मामा हसला, पाय वर घेऊन बसला आणि सांगू लागला. उभा जन्म त्याने खाणीवर रोलर चालवण्यात घालवला होता.

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. ज्याच्यावर बेतली तो माझ्या ओळखीतला. त्याला आम्ही गडबड्या म्हणायचो. चहा निवेपर्यंत दम नाही, रोज तोंड भाजून घ्यायचा. तो आणि त्याचा दादा एकाच कामावर होते.

खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर होता. त्यावर मातीचं झाकण घातलेलं. खाली दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यावर खडी, खडीवर गवताची माती. पाऊस खडीत उतरायचा आणि पायथ्याच्या पाईपांतून बाहेर पडायचा. पाईपात गाळ बसला की टोकाला आकडा असलेल्या लांब सळईने ओढून काढायचा, हे या दोघांचं काम.

दादा बजावायचा, "पाणी वाहतंय तोवर भ्यायचं नाही. पण पावसात पाईप कोरडा दिसला, की हातातलं टाक आणि पळ. पाणी आत तुंबलं तर वरची माती दुधावरच्या सायीसारखी सरकते." आणि रोज संध्याकाळी, "अरे, सळई पुसून ठेव. पुसायला हात झडतात का तुझे?"

गडबड्याने ती एकदाही पुसली नाही.

जुलैत माती सरकली. त्या दिवशी पाळी खरं तर गडबड्याची होती. पण सकाळीच दादाशी भांडला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. म्हणून दादा कामावर गेला. तो मातीखाली राहिला. दोन दिवस उकरलं. मग साहेब म्हणाले, आणखी उकरलं तर वरचं सगळं खाली येईल. त्याच्यावरच नवी माती पसरली. रोलर मीच फिरवला.

त्यानंतर पोरगा हसला नाही की रडला नाही. दादाचं काम मात्र एकट्याने करायचा.

सप्टेंबरातला शेवटचा गुरुवार. रात्रीची जेवणं झाली आणि वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांचा डबा अजून कामावरच्या खोलीत आहे. तेवढा आणाल?"

"आत्ता?"

"आज राहवत नाहीये हो."

तो निघाला. पोचेपर्यंत पाऊस कोसळायला लागला. डबा खिळ्यालाच लटकत होता, तो काढून घेतला. सळई संध्याकाळी त्यानेच चिखलासकट टाकली होती, ती तशीच दारात आडवी. तिला ठेचकाळला, शिवी हासडली आणि सवयीने पाईपांवर बॅटरी मारली.

सगळे धो धो वाहत होते.

एक सोडून. दादा जिथे गेला, तिथला.

कोरडा... थेंब नाही.

पळायला हवं होतं. तो वळलाही.

आतून कुणीतरी खोकलं.

तो खोकला त्याला ठाऊक होता. लहानपणापासून शेजारच्या अंथरुणातून ऐकलेला.

"दादा?"

टक... टक... लोखंडावर नख वाजवावं तसं.

धावत जाऊन त्याने डबा खोलीत टाकला आणि सळई आणली. आत घातली. पार मुठीपर्यंत.

आतून कुणीतरी धरली.

"दादा, धर. घट्ट धर. मी ओढतो."

ओढली. हलेना. पाय रोवले. हातांची सालटी निघाली. वर गवताखाली काहीतरी फाटल्यासारखं झालं.

"पळ."

पाईपातून. अगदी हळू.

"नाही पळणार! त्या दिवशी गेलो ना... आता नाही."

त्याने पुन्हा ओढली.

"दादा, बोल की रे."

सळई आतून एकदम ढकलली गेली. छातीवर असा तडाखा बसला, की पोरगा रस्त्यापलीकडे जाऊन पडला.

आणि उतार सरकला. आवाज नाही... काही नाही. गवतासकट खाली आला. सायीसारखा.

पाईप गेला. सळई गेली.

पहाटे आम्ही पोचलो तेव्हा तो नुसत्या हातांनी उकरत होता. नखं राहिली नव्हती. चौघांनी धरला, तरी आवरेना. "होता तो! माझ्या हातात होता!" तेव्हा एवढंच, बाकीचं मला पुढे सांगितलं. साहेब आले, त्यांनी पाहिलं, पुन्हा माती पसरायला सांगितली. या खेपेला मी रोलरवर चढलो नाही. दुसरा चढला. दादा आणखी खाली गेला, बस.

वहिनीला डबा तरी न्यावा म्हणून मी खोलीत शिरलो.

डबा जमिनीवर होता. आणि कोपऱ्यात...

सळई. आकडा वर करून भिंतीला टेकवलेली. दादा ठेवायचा तशी. दुसरी असेल म्हणाल, तर आकड्याजवळचा जोड मी स्वतःच्या हाताने वेल्डिंग केलेला. ती तर त्या ढिगाखाली...

हात लावून पाहिला.

चिखलाचा ठिपका नाही. पाण्याचा थेंब नाही.

कुणीतरी पुसून ठेवली होती.