बाजूची बोट

जेसन, तो पंखा जरा माझ्याकडे फिरव. आणि कॅन्डिस, मोबाइल खाली ठेव. तुम्हाला मराठी अर्धीच कळते ते मला माहीत आहे, पण मी इंग्लिशमध्ये सांगणार नाही. भुताची गोष्ट इंग्लिशमध्ये सांगितली की भूतसुद्धा टाय लावून येतं.

ज्याच्यावर हे गुदरलं तो मॅक्सिम माझ्याबरोबर मस्कतजवळ रुसैलला एका खोलीत राहिलेला माणूस. वसईतल्या पाचूबंदरचा, डिझेल मेकॅनिक. त्याला थापा मारता येत नसत. मारायला गेला तर तोंड उघडायच्या आधी त्याचे कान लाल व्हायचे. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि तेव्हा कान लाल झाले नव्हते.

साल नव्व्याण्णव. फेब्रुवारीतला गुरुवार, राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. मॅक्सिमची अर्धी जवानी बॅचलर रूमवर गेली. बायको विनी वसईला, हा इथे, आणि दोन वर्षांतून एकदा सुट्टी. शेवटी एकदाचा फॅमिली व्हिसा झाला, मस्कतला रुवीत फ्लॅट मिळाला, विनी आली. वर्षभरात ती बिल्डिंग पाडायला काढली. दुसरीकडे जागा मिळेना. तेव्हा त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, मजीद नावाचा म्हातारा, म्हणाला की माझी लाकडी बोट नुसती उभी आहे. मी आता समुद्रावर जात नाही. तिचं मशीन तूच जिवंत ठेवलंस, तूच राहा तिच्यात.

आणि राहिले की दोघं. विनीने केबिनला पडदे लावले, मरियामातेचा फोटो लावला, डेकवर कढीपत्त्याची कुंडी ठेवली. मी एकदा जेवायला गेलो होतो. डुलत डुलत सोरपोटेल खाल्लं. इतकी खुश बाई मी मस्कतमध्ये दुसरी पाहिली नाही.

पण बोट म्हटली की ती कुठेतरी बांधायला लागते, आणि तिथेच घोडं अडलं. मरिना गोऱ्यांच्या पांढऱ्या बोटींनी भरलेली. ते लोक बोटीतच राहायचे, कुत्री घेऊन राहायचे, त्याचं कोणाला काही नाही. विनीचा गाऊन दोरीवर वाळताना दिसला आणि मॅनेजर धावत आला. आपलाच माणूस होता, इंडियन. म्हणाला, "ये झोपडपट्टी नहीं है. कल सुबह तक निकालो." तिथून मच्छीमारांच्या बंदरात गेले, तर तिथे बाईमाणूस बोटीवर राहतं म्हणून कोणी बोलेना. रोज सकाळी डेकवर माशांची आतडी पडलेली असायची. एका रात्री कोणीतरी त्यांचा दोरच सोडून दिला, आणि जाग आली तेव्हा बोट खडकांच्या तोंडाशी होती.

त्या दिवशी विनी म्हणाली, "मला बोटीचं काही नाही, मॅक्सिम. पण पुढच्या जागेवरून पण हाकललं ना, तर मी वसईला जाते. रोज उठून कोणाला तरी नकोसं व्हायचं, हे मला जमत नाही."

ती गेली की पुन्हा बॅचलर रूम. पुन्हा दोन वर्षांतून एक सुट्टी. मॅक्सिमचं अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं, उरलेलं त्याला घालवायचं नव्हतं.

सूर म्हणून किनाऱ्याने पुढे एक गाव आहे, तिथे मॅक्सिमच्या ओळखीचा तय्यब होता. रत्नागिरीकडचा, बोटी बांधायच्या यार्डात कामाला. त्याचा निरोप आला: खाडीत एका बोटीची जागा राखून ठेवली आहे, कोणी उठवणार नाही, या. म्हणून गुरुवारी पहाटे ही दोघं निघाली. साधंसरळ काम. सूरला जायचं, बोट बांधायची, तय्यबच्या घरी चहा प्यायचा.

दुपारनंतर वारा उठला. लाटा मागून उचलून आपटायला लागल्या. विनी उलट्या करून करून पिवळी पडली. संध्याकाळी एक खाडी दिसली, डोंगरांच्या मध्ये शिरलेली, आत पाचसहा होड्या आणि थोडी घरं. मॅक्सिमने बोट आत घातली.

होड्यांजवळ एक म्हातारा जाळं आवरत होता. ह्यांना येताना पाहून त्याने लांब बांबू उचलला आणि बोटीला टेकवून सरळ मागे ढकललं. "इधर नहीं. रूह, रूह." म्हणजे अरबीत, जा, जा.

"बाबा, एकच रात्र. बायको आजारी आहे," मॅक्सिम आपल्या तोडक्या अरबीत म्हणाला.

म्हाताऱ्याने विनीकडे पाहिलं. दया वगैरे काही नाही हां त्याच्या तोंडावर. खाडीच्या तोंडाशी एक जुना दगडी धक्का होता, तिकडे त्याने बांबू केला. तिथे एकही होडी नव्हती. मग म्हणाला, "रात को कोई रस्सी फेंके, पकड़ना नहीं." पुन्हा म्हणाला, "पकड़ना नहीं. समझा?" आणि जाळं खांद्यावर टाकून पाठ फिरवून निघून गेला.

मॅक्सिमला वाटलं, हाकलायची ही नवी तऱ्हा. त्याने बोट धक्क्याला लावली. दोन्ही बाजूंना टायर लोंबत होते, बोट घासू नये म्हणून. धक्क्याकडचे टायर दगडाला टेकले, समुद्राकडचे मोकळे. विनीने थोडी पेज घेतली आणि झोपली. वाराही पडला.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावर आहे. पाचूबंदरला धक्का लहान आणि बोटी फार. म्हणून काय करतात, एका बोटीला दुसरी बांधतात, दुसरीला तिसरी. बाहेरून आलेली बोट दोर फेकते. आतल्याने तो धरायचा. कोण आहे, कुठला आहे, विचारायचं नाही, आधी धरायचा. आणि एकदा दोर धरलात की बाहेरच्या बोटीतली माणसं तुमच्या डेकवरून चालत किनाऱ्याला जाणार. तो त्यांचा हक्क. ती नुसती म्हणतात, "पाय टाकतो हां." आपण म्हणायचं, "टाका." मॅक्सिमचा बाप तांडेल होता. लहानपणी ह्याच्या हातून एकदा दोर पाण्यात पडला, तर बापाने कानाखाली अशी वाजवली की तीन दिवस शिट्टी ऐकू येत होती. हवेतला दोर पडू द्यायचा नाही. हे त्याच्या डोक्यात नव्हतं रे, हातात होतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर तो दोर तपासायला वर आला. काळोख असा की स्वतःचे पाय दिसेनात. खाडी तेलासारखी शांत.

मग समुद्राकडून आवाज आला. दोन बोटी जवळ येतात तेव्हा मधलं पाणी चुबुक चुबुक करतं, तो. बोटीवर वाढलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो.

मशीनचा आवाज नव्हता. दिवा नव्हता.

आणि काळोखातून दोर आला.

त्याने धरला.

म्हातारा आठवला, पण दोर हातात आल्यावर. नायलॉन नव्हता. काथ्याचा होता, जाडा, थंडगार, तसा आता कोणी वापरत नाही. मॅक्सिमला वाटलं, सोडावा. पण पलीकडून दोर ताणला गेला... आणि हातांनी आपोआप तो खुंटीला गुंडाळला. तोंडाने सवयीने म्हटलं, "टाका."

त्याने पाहिलं. दोर खुंटीवरून निघून काळोखात ताठ गेला होता. पण त्याच्या पलीकडे बोट नव्हती. पाण्यापर्यंत चांदण्या दिसत होत्या. मध्ये काहीच नव्हतं.

मग ह्यांची बोट त्या बाजूला कलली. आणि टायर दबले. ओलं रबर दबताना जसं कण्हतं... तसं.

तो खाली केबिनमध्ये आला. दार लावलं. विनी उठून बसली होती.

"कोण आलं?"

त्याने तिचा हात धरला.

वर पाय वाजला. अनवाणी. जड. डेकवर उतरला, डोक्यावरून चालत गेला, धक्क्यावर चढला. मग दुसरा. मग आणखी एक. कोणी "पाय टाकतो" म्हणालं नाही. कोणी खोकलं नाही. नुसत्या फळ्या करकरत होत्या.

"मॅक्सिम... त्यांना सांग जागा नाही."

"मी दोर घेतला, विनी."

पाय येत राहिले. एवढी माणसं एका बोटीत मावत नाहीत.

मग एक पाय केबिनच्या दाराशी थांबला.

दाराच्या फटीतून वास आला. माशांचा नाही. बंद टाकीतल्या पाण्याचा... विनीने त्याच्या हातात नखं रुतवली. ती प्रार्थना म्हणायला गेली आणि तिला शब्द आठवेनात. रोजचे शब्द.

पलीकडून दार ढकललं नाही. कोणी टकटक केली नाही. नुसतं उभं होतं.

खूप वेळ...

मग तेही गेलं. धक्क्यावर चढलं.

शांत झालं.

आता बोटीवाल्यांमध्ये ह्याच्यासारखं पाप नाही. बाहेरच्या बोटीची माणसं किनाऱ्यावर असताना तिचा दोर सोडायचा नसतो. ती परत येणार असतात. मॅक्सिमला हे कोणी शिकवायला नको होतं, त्याच्याबरोबर खडकांच्या तोंडाशी तेच झालं होतं. पण त्याने विनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. तो सुरी घेऊन वर गेला.

काथ्या कापला. आधी एक पीळ, मग दुसरा. शेवटचा पीळ तुटला तेव्हा दोराचं टोक पाण्यात पडायला हवं होतं. पडल्याचा आवाज आला नाही. त्याने धक्क्याकडचे दोर सोडले, मशीन चालू केलं, आणि बोट काढली.

विनी वर आली. तिने मागे, धक्क्याकडे पाहिलं. मॅक्सिमने पाहिलं नाही.

"काय आहे?" त्याने विचारलं.

काय दिसलं ते तिने कधीच सांगितलं नाही.

खाडीबाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की बोट सरळ चालत नाही. सारखी एका बाजूला ओढत होती. सुकाणू उलट दाबून धरावं लागत होतं, दंडात गोळे येईपर्यंत. मशीन नेहमीसारखं बडबडत होतं, पण वेग निम्मा. बाजूला दुसरी बोट बांधून नेताना होतं तसं. दोघंही हे ओळखत होते. विनी त्या बाजूला पाठ करून बसली होती.

पहाटे फटफटताना सूर आलं. तय्यब किनाऱ्यावर कंदील घेऊन उभा होता. ह्यांना पाहून त्याने हात केला. मग तो हात हळूहळू खाली आला, आणि तो चिडून ओरडला.

"काय रे मॅक्सिम, मी एका बोटीची जागा धरून ठेवली. तू दोन काय घेऊन आलास? दुसरी कोणाची?"

मॅक्सिमच्या हातून दोर पाण्यात पडला. आयुष्यात दुसऱ्यांदा.

जवळ आल्यावर तय्यबला एकच बोट दिसली. त्याने डोळे चोळले, पहाटेचं धुकं म्हणाला, चहाला चला म्हणाला. पण विनीने बोटीतून फक्त मरियामातेचा फोटो घेतला आणि किनाऱ्यावर उतरली. तिला जागा मिळाली होती. कोणी हाकलत नव्हतं. तरी ती म्हणाली, "मला विमानाचं तिकीट काढून दे."

मॅक्सिमने तिला थांबवलं नाही. कसा थांबवणार? म्हणाला, एअरपोर्टवर ती रडत होती आणि मला तोंड वर करता येत नव्हतं. त्यानंतर तो रुसैलला माझ्या खोलीत आला, खालच्या बंकवर. दोन वर्षांतून एक सुट्टी.

काय कॅन्डिस? "सॅव्हियोअंकल, इज इट ट्रू?" म्हणे. आता काय सांगू तुला. मी खाडीत नव्हतो. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो.

दोन हजार चार साली एका शुक्रवारी मी आणि मॅक्सिम सूरला गेलो होतो. बोट तेव्हा पाण्यात नव्हती. तय्यबने ती कधीच यार्डात वर ओढून घेतली होती. वाळूत, लाकडाच्या टेकूंवर, पाण्यापासून चांगली लांब. कढीपत्त्याची कुंडी अजून डेकवर होती, नुसती काडी राहिलेली. यार्ड बोटींनी गच्च भरलेलं, एकमेकींना खेटून. पण हिच्या एका बाजूला एका बोटीएवढी वाळू मोकळी होती. मी तय्यबला विचारलं, इथे का नाही लावत? तो म्हणाला, "माझं काही नाही. कामगार लावत नाहीत." आणि दुसरा विषय काढला.

मॅक्सिम त्या बाजूला आला नाही. मी गेलो. भर दुपार होती, वारा नव्हता, आणि तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

दुसऱ्या बाजूचे टायर गोल होते, सुके, नुसते लोंबत होते.

ह्या बाजूचे टायर चपटे दबून बोटीला चिकटले होते. आणि ते ओले होते.