राखसरड्याची अंडी

डी स्ट्रीटवर गारा कोसळायला लागल्या तशी मरामा ग्रंथालयाच्या छपराखाली धावली, आणि तिथे आधीच उभ्या असलेल्या एका लांबुडक्या मुलाच्या चिप्सच्या पुडीवर तिचं कोपर आदळलं. अर्ध्या चिप्स फुटपाथवर.

"सॉरी हं."

"असू दे. गारांनाही भूक लागली असेल," तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या व्हिडिओ गेमवर गेली. "तू… बर्फवाली ना? बोलिंग क्लबच्या हॉलमधली?"

"आणि तू कोण?"

"फर्गस. दुधाचा टँकर चालवतो. या हंगामात नवीन आलोय. माझी… आग आहे."

शेवटचं वाक्य तो असं बोलला, जणू आपल्याला संसर्गाचा रोग आहे. मरामाला हसू आलं. त्याने उरलेल्या चिप्स पुढे केल्या, व्हिनेगरचा वास दोघांच्या मधे वाफाळत राहिला, आणि गारा थांबल्या तरी छपराखालून कुणी हललं नाही.

दर शनिवारी त्या हॉलमध्ये राक्षसी प्राणी लढवण्याच्या या व्हिडिओ गेमचे सामने होत. प्रत्येकाचे प्राणी सहा, पण नियम असा की सहाही एकाच प्रकारचे हवेत. आगवाल्याचे सगळे आगीचे, पाणीवाल्याचे सगळे पाण्याचे. म्हणजे सहाही जणांची दुखरी जागा एकच. बर्फाची अवस्था तर सगळ्यांत केविलवाणी. आगीपुढे वितळतो, दगडाने फुटतो, लोखंडाने चेचला जातो. मरामाने तरी बर्फच धरून ठेवला होता. ब्लफ बंदराच्या धक्क्यावर दिवसभर कालवं फोडणारी, बोटांना कायम चिकटपट्ट्या असलेली ही मुलगी संध्याकाळी अस्वलं, घुबडं आणि एक सील घेऊन बसायची. सील अर्धा बर्फाचा, अर्धा पाण्याचा. आगीसमोर उभा राहू शकणारा तिचा एकटाच.

पहिल्या वर्षी एकाने दया येऊन तिला मुद्दाम जिंकू दिलं होतं. हॉलभर "बिचारी बर्फवाली" झालं होतं. तो शब्द तिच्या कानातून अजून गेला नव्हता.

"आगीवाल्याबरोबर सराव करायचाय मला," छपराखालून निघताना ती म्हणाली.

"मला वाटलं चिप्स भरून देण्याबद्दल बोलशील."

"तेही करू."

मग ती दोघं भेटतच राहिली. कधी समुद्राकाठच्या बाकावर, कधी त्याच्या टँकरच्या केबिनमध्ये, काचेवर पाऊस आणि मधे चहाचा थर्मास. फर्गस बोलायचा छान, ऐकायचाही छान. फक्त एक गोष्ट मरामाला खुपायची. सराव संपला तरी त्याचा अंगठा खेळाच्या बटणावर गोल गोल फिरतच राहायचा. ती आईबद्दल सांगत असली तरी गोल गोल. तिने नवा लाल मफलर घातला त्या दिवशीही गोल गोल.

"कंटाळा आलाय का तुला माझा?"

"नाही गं," तो दचकून म्हणायचा, आणि खेळ खिशात टाकायचा. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर.

हंगाम संपत आला. बर्फ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला होता, आणि समोर होती आग. जिंकेल तो क्राइस्टचर्चच्या मोठ्या स्पर्धेला जाणार.

सामन्याच्या सकाळी हॉलच्या ओट्यापाशी पेटा आंटी चीज रोलवर लोणी थापत होती. सामने तीच भरवायची, रोलही तीच भाजायची.

"सरावात कोण जिंकतंय गं हल्ली?" तिने विचारलं.

"मीच. कितीतरी दिवस मीच."

"आगीविरुद्ध बर्फ?" आंटीचा चाकू थांबला. "आणि पोरगा तुझ्याकडे असा बघतो की माझे रोल करपले तरी त्याला कळायचं नाही. म्हणजे बघ बाई तूच."

म्हणजे तो मुद्दाम हरतोय? मरामा दारावर नजर ठेवून उभी राहिली.

फर्गस आला, ओले केस, हातमोजे दातांनी काढत. तिने त्याला कोटांच्या खुंट्यांपाशी गाठलं.

"मुद्दाम हरलास तर परत माझ्याशी बोलायचं नाही. गंमत नाही करत मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि मुद्दाम न हरता जिंकलो तर?"

"तर… बघू."

सामना सुरू होताना दोघांचे सहाही प्राणी भिंतीवरच्या पडद्यावर आले, आणि मरामाचा चेहरा उतरला. फर्गसने ऐन वेळी एक प्राणी बदलला होता. त्याच्या वाघिणीच्या जागी एक राखसरडा बसला होता. राखसरडा म्हणजे आगीतला भिकारी. लहान मुलं नाव आवडलं म्हणून पकडतात आणि आठवड्याने सोडून देतात. अंतिम सामन्यात असला प्राणी कोण आणतं? ज्याला हरायचंय तो.

तिने वर पाहिलं. फर्गस खाली मान घालून बसला होता. कान लाल.

ती रागाने खेळली, आणि रागात ती चांगली खेळायची. अस्वल गेलं, पण जाताना दोन घेऊन गेलं. एकामागून एक पडत दोन्हीकडे दोन-दोनच उरले. तिचा सील आणि हिमघुबड. त्याचं ज्वालाकासव आणि तो राखसरडा.

सील समोर कासव. पुढची चाल शेंबडं पोरही सांगेल. सील पाण्याचा झोत सोडणार, कासव मरणार. मरामाने बटण दाबलं. दोघांच्या चाली आल्या की मगच काय ते पडद्यावर दिसणार; आता फर्गसची चाल बाकी.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद उतरू लागले. फर्गसचा अंगठा बटणावर, पण हलेना. हॉलमध्ये चहाच्या भांड्याचा खळखळाट तेवढा.

"चाल दे," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

"विचार करतोय."

"विचार करण्यासारखं काय आहे त्यात?"

"तू," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

कासव मागे गेलं. राखसरडा पुढे आला, थेट पाण्याच्या झोतासमोर. हॉल कण्हला. मरामाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला दिसू नये म्हणून तिने खाली बघितलं. दिलंस ना शेवटी… बिचारीला जिंकू दिलंस.

"अगं वर बघ," आंटी म्हणाली.

झोत सरड्यावर आदळला, आणि सरडा तो प्यायला. घटाघट. राखाडी कातडं निखाऱ्यासारखं लाल झालं, अंग फुगून दुप्पट.

मरामाने हे आजवर फक्त ऐकलं होतं. पाणी पिण्याची ही खोड हजारात एखाद्या राखसरड्याला जन्मतः असते. तसा हवा तर अंडी उबवत बसावं लागतं, एकामागून एक. आणि खेळात अंडं उबवायचं म्हणजे बटण फिरवत ते घेऊन चालत राहायचं. गोल गोल.

पुढच्या फेरीत सील गेला. घुबड झडप घालून आलं, चपळ, वेडं. सरड्याचा जीव सुतावर आला. सूत तुटलं नाही. मग आग.

हॉलने टाळ्या वाजवल्या. मरामा हरली होती, आणि तिला तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. कुणाला काय सांगणार.

बाहेर पायरीवर गारांचा सडा होता. फर्गस रोलची बशी घेऊन आला, जरा अंतर ठेवून बसला.

"सरावात खरंच हरत होतास?"

"दर वेळी. तुझा सील स्वप्नात यायचा माझ्या. एवढी कुणाची भीती वाटली नव्हती."

इतकं गोड तिला आजवर कुणी काही बोललं नव्हतं. "आणि ज्यांना ती खोड नव्हती, ती पिल्लं? सोडून दिलीस?"

"नाही जमलं." त्याने खेळ तिच्या हातात दिला.

कप्प्यांमागून कप्पे, राखसरड्यांनी गच्च. आणि प्रत्येकाला नाव दिलेलं. 'सांडलेल्या चिप्स'. 'थर्मास'. 'तिची आई'. 'लाल मफलर'. 'कंटाळा का'. जे पिल्लू ज्या क्षणी फुटलं, त्याला त्या क्षणाचं नाव.

मरामा एकेक नाव वाचत गेली.

"क्राइस्टचर्चला येशील?" त्याने विचारलं. "माझ्याबरोबर. म्हणजे… सरावाला नाही फक्त."

कोपऱ्यात एक अंडं उरलं होतं. तिने चिकटपट्टीचा अंगठा बटणावर ठेवला आणि खेळात चालायला लागली. गोल गोल. फर्गस बघत राहिला, रोल गार झाले. अंडं हललं, तडकलं, पडद्याने नाव विचारलं.

तिने दोन अक्षरंही नाही, एकच अक्षर लिहिलं, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

'हो'.