बोला, जोडून देते

ऑपरेटरबाईंच्या घरचं इंटरनेट दर चार दिवसांनी आजारी पडायचं. मग नेटवाला यायचा, राउटरची वायर काढायचा, दहा आकडे मोजायचा आणि परत लावायचा. "झालं बघा, मावशी," असं वर म्हणायचा. बाई म्हणायच्या, "एवढंच करायचं तर आमचे हे काय वाईट होते? रेडिओला एक थाप मारायचे, चालायचा." हे जाऊन नऊ वर्षं झाली होती. घराच्या भिंती जाड, आत मोबाइलला रेंज शून्य, म्हणून राउटरचं हे लोढणं बसनं दोन तासांवर राहणाऱ्या लेकीनं आईच्या गळ्यात बांधलं होतं. मेसेज काय नि फोन काय, सगळं त्या डबीतून जायचं.

बाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर काढली होती. कानाला हेडफोन, हातात दोरी, समोर भोकंच भोकं. एका गावाचा प्लग दुसऱ्या गावाच्या भोकात खुपसायचा आणि दोन्हीकडचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. नोकरी सुटली तरी खोड सुटली नव्हती. लेकीला मेसेज पाठवला की दुसरी टिक दिसेपर्यंत त्या फोन हातात धरून बसत. एका टिकवर अडकलेला निरोप म्हणजे निम्मं काम, आणि निम्म्या कामाचा त्यांना भारी तिटकारा.

लेकीचं गेलं वर्षभर एकच पालुपद होतं. घर रिकामं कर, माझ्याकडे ये. बाईंचं उत्तरही एकच होतं. हात-पाय चालतायत तोवर मी हे घर सोडणार नाही. त्यावरून दोघींचं चांगलं वाजायचं, पण ते समोरासमोरचं भांडण होतं आणि बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं.

एका मंगळवारी नेटवाल्यानं वैतागून जुनी डबी काढली आणि नवी बसवली. तो जिना उतरतो न उतरतो तोच फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. बाईंनी कानाला लावला तर माणूस नाही, नुसती एक लांबलचक घूं. दूरच्या गावची लाइन उघडली की पूर्वी यायची तशी. आणि बाईंच्या तोंडून, हात साबणाचे असताना, काही कळायच्या आत निघून गेलं, "बोला, जोडून देते."

कुणी बोललं नाही. घूं मात्र थांबली. बाईंना स्वतःचंच हसू आलं. खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं, त्यालाही त्यांनी संध्याकाळी हे हसत हसत सांगितलं. "बाई, जित्याची खोड," तो म्हणाला आणि मशीन चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा मेसेज आला. 'आई, वाचून फार बरं वाटलं. शेवटी पटलं ना तुला? येत्या रविवारी टेम्पो घेऊन येते.'

बाईंनी चष्मा पुसला. वर सरकवून पाहिलं. तिथे त्यांच्याच बाजूला मेसेज होता, सकाळी अकरा दहाचा. 'आता एकटीला होत नाही. मला घेऊन जा. कळावे, आई.' खाली दोन टिका. अकरा दहाला बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या आणि फोन खाली ओट्यावर होता. सगळ्यात राग आला तो त्या 'कळावे'चा. ते त्यांचं होतं. प्रत्येक मेसेजच्या शेवटी त्या लिहायच्या आणि लेक त्यावरून त्यांची टिंगल करायची.

त्यांनी लिहिलं, 'हे मी लिहिलेलं नाही. टेम्पो आणू नकोस.' एक टिक. तासभर एकच टिक. पुन्हा लिहिलं, पुन्हा एकच. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत खाली नवी ओळ उमटली. 'कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत गं. हल्ली काही लक्षात राहत नाही. कळावे, आई.' दोन टिका, लगेच.

किल्ल्या कमरेला होत्या. बाईंनी त्या चाचपून पाहिल्या, आणि चाचपाव्या लागल्या म्हणून स्वतःवरच चिडल्या.

नेटवाला आला. आधी म्हणाला पासवर्ड फुटला असेल, मग म्हणाला फोन कुणाच्या तरी कॉम्प्युटरला जोडलेला असेल. सगळं तपासलं, सगळं बदललं. शेवटी त्यानं राउटरला जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. यादीत दोन फोन होते. दोन्हींचं नाव एक आणि नावापुढचा तो लांबलचक आकडाही एक.

"असं असतं का रे?" बाईंनी विचारलं.

"नसतं," तो म्हणाला. त्यानं एक फोन यादीतून काढला. बाईंच्या हातातल्यावरचं नेट बंद पडलं. दुसरा यादीत तसाच राहिला.

मग त्यानं राउटरची वायरच उपसली आणि मुठीत धरून उभा राहिला. डबीवरचे दिवे विझले. बाईंच्या फोनवर कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हही गेलं. आणि नेट नसलेल्या त्या फोनवर एक मेसेज उमटला, त्याला एक टिक आली, मग दुसरी. काय लिहिलंय ते नेटवाल्यानं वाचलं नाही. वायर टेबलावर ठेवली, सामान काखोटीला मारलं आणि चहाला थांबला नाही. नंतर त्यानं बाईंचा फोनही उचलला नाही.

बाईंनी शिंप्याच्या दुकानातून, त्याच्या फोनवरून लेकीला फोन लावला. "अगं, ते मेसेज माझे नाहीत."

 लेक लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, काल तू फोनवर तासभर रडलीस. मला सोडून जाऊ नकोस म्हणालीस. तुला आठवत नाही का गं?"

"मी रडत नाही. तुझे बाबा गेले तेव्हा रडले, त्यानंतर नाही."

"बरं बरं. रविवारी येतेच आहे मी. डॉक्टरांचीही वेळ घेतलीय. तू काळजी करू नकोस."

त्या 'बरं बरं'नं बाईंच्या काळजात सुरी फिरली. घर जाईल ते जाईल, पण आपण खरं सांगतोय यावर पोटची पोर विश्वास ठेवत नाही, हे त्यांना सोसेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द त्यांनी इमानानं पोचवले होते, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच नावानं कुणीतरी दुबळं, रडकं काहीबाही पोचवत होतं.

घरी येऊन त्यांनी फोन समोर ठेवला. "कोण आहेस ते मला माहीत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि जाणून घ्यायचंही नाही. पण माझ्या नावानं बोलायचं नाही. ऐकलंस?"

त्यांनी फोन पालथा घातला.

"उद्या मी स्वतः जाऊन सांगते. माझ्या तोंडानं. त्याला किती टिका येतात ते बघ."

शनिवारी सकाळी त्यांनी राउटरची वायर काढलेलीच आहे ना ते पाहिलं, फोन बंद करून पर्समध्ये टाकला, दाराला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. खाली शिंप्याला सांगितलं, लेकीकडे जाऊन येते, संध्याकाळपर्यंत परत. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच घर इतका वेळ सोडलं होतं.

लेकीनं दार उघडलं आणि बघतच राहिली. बाई आत जाऊन खुर्चीत बसल्या. "पाणी दे. मग तुझा फोन आण."

लेकीनं दोन्ही आणलं. तिच्या फोनवर 'आई'चा शेवटचा मेसेज होता, सहा मिनिटांपूर्वीचा. 'उद्या लवकर ये. सामान बांधून ठेवलंय. कळावे, आई.'

बाईंनी पर्समधून आपला फोन काढला. काळा, बंद, गार. तो लेकीच्या हातात दिला. "सहा मिनिटांपूर्वी मी तुझ्या जिन्यात होते. आता माझ्याकडे बघ आणि सांग, मी विसरभोळी दिसते का?"

लेकीनं फोन उलटसुलट करून पाहिला. मग ती आईशेजारी खाली बसली आणि तिला रडू फुटलं. "मी तुला वेडी समजले गं."

"समजलीस खरी. पुढच्या वेळी आधी येऊन बघत जा."

लेकीनं डोळे पुसले, टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, डॉक्टरांची वेळ रद्द केली. "तुला हवं तिथे राहा, आई. मी पुन्हा विषय काढणार नाही." तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना वाटलं, जिंकले. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' लिहिलेलं होतं.

बाईंनीच उचलला. स्पीकर लावला.

घूं नव्हती. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, मग कुणीतरी तो बंद केला.

दार वाजलं. कडी निघाली.

"बाई?" शिंप्याचा आवाज. "तुम्ही तर कुलूप लावून गेला होतात ना लेकीकडे?"

"गेले होते," बाईंचाच आवाज म्हणाला. ठणठणीत, रडका अजिबात नाही. "आले परत. आता हे घर सोडून मी कुठेही जायची नाही."

"बरं केलंत," शिंपी म्हणाला. त्याची पावलं जिना उतरून गेली.

बाई उठून उभ्या राहिल्या. लेकही उठली, तिचा हात आईच्या खांद्यावरच होता. "ते माझं घर आहे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मी निघालेय. पुढच्या बसनं पोचते. तोवर चालती हो तिथून."



मग तो आवाज, अगदी अदबीनं, "आपण कोण बोलताय?"

लेकीनं फोनकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, बराच वेळ, नीट निरखून.

आणि आईच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.