डोळ्यांना थंड उजेड

दार उघडून ती बाहेर पडली आणि थेट शिडीला धडकली.

शिडी हलली. वरच्या वायरमनने जिन्याचा कठडा पकडून स्वतःला सावरलं आणि खाली पाहिलं.

"संध्याकाळी सात वाजता काळा चष्मा? बाहेर ऊन पडलंय का?"

"बाहेर नाही. घरात पडलंय."

तिने दार पूर्ण उघडलं. पांढरा झोत जिन्यापर्यंत आला. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"बापरे... हे कोणाचं काम?"

"दादाचं. नोकरीवर परत जाता जाता बैठकीत सहा एलईडी ठोकून गेला. म्हणे लख्ख उजेड पडेल. पडला! इकडे बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ते स्वयंपाकघरात दिवा न लावता स्टुलावर बसलेत, भिंतीकडे तोंड करून. रविवारपर्यंत सुधारलं नाही तर ताईकडे राहायला जाणार म्हणतात. आणि एकदा गेले की ताई काही सोडायची नाही त्यांना."

हे सगळं एका अनोळखी माणसाला कशाला सांगितलं, तिलाच कळेना. घरात ती आणि बाबा, दोघंच. ती मुद्रितशोधक होती. पुस्तकांची प्रुफं घरी आणून तपासायची. अवघड जागा आली की मोठ्याने वाचायची आणि बाबा पलीकडून म्हणायचे, "पुन्हा वाच, काहीतरी खटकतंय." तो आवाज नसलेलं घर तिला नको होतं.

"उद्या येतो," तो म्हणाला. "उजेड कसा हवा?"

"थंड. अगदी थंड."

बुधवारी ती प्रेसमधून परतली तेव्हा सहाही दिवे बदलून तो गेला होता. तिने बटण दाबलं. बैठक निळीपांढरी झाली, दवाखान्याच्या तपासणीखोलीसारखी.

आतून बाबांनी विचारलं, "अगं, फ्रिजचं दार उघडं राहिलंय का?"

तिने फोन लावला. "अहो, हे काय लावलंत?"

"थंड. तुम्हीच म्हणालात ना?"

"हा थंड? डोळ्यांत सुया टोचतायत!"

"मॅडम, खोक्यावर 'कूल' छापलंय. कूल म्हणजे निळसर पांढरा. पिवळसर हवा तर 'वॉर्म' मागायचा."

"म्हणजे डोळ्यांना थंड हवा असेल तर गरम मागायचा?"

"हो."

"ही काय भाषा झाली?"

"मी नाही केली," तो म्हणाला. "पण मी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

भांडणासाठी तिच्याकडे आणखी तीन वाक्यं तयार होती. त्याने जागाच ठेवली नाही. ती जास्तच चिडली.

गुरुवारी तो आला आणि पिशवी न उघडता सरळ बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला. मान मागे टाकून वर पाहत राहिला.

"काय करताय?"

"शिडीवरून काही कळत नाही. इथून दोन दिवे सरळ डोळ्यांत घुसतात. नुसता रंग बदलून भागणार नाही. बल्ब दिसताच कामा नये. उजेड आधी भिंतीवर पडावा, मग खोलीत." तो उठला. "आता तुम्ही बसा तुमच्या टेबलाशी. वाचा काहीतरी."

ती बसली. तो मागे उभा राहून कागदावरची चमक पाहू लागला. मग बाजूला येऊन तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"कपाळाला आठी पडतेय."

"ती दिव्यामुळे नाही."

"मग?"

"तुमच्यामुळे."

"मग ती कशी काढायची?"

"तुम्ही दिव्यांचं बघा," ती म्हणाली. आणि एकच ओळ तिने तीनदा वाचली.

त्या दिवशी खुर्चीवरचे दोन दिवे निघाले. भिंतीकडे वळवलेला, दुधी झाकणाचा एक दिवा आला. शुक्रवारी बाकीचे चारही पिवळसर होऊन भिंतीकडे वळले; शिवाय तिच्या टेबलाचा दिवा आणि उजेड कमीजास्त करायचं बटण. शनिवारी एक झाकण आणायचं राहिलं.

"रविवार उद्यावर आलाय!" ती ओरडली.

"उद्या नक्की," तो म्हणाला आणि बाबांबरोबर चहा प्यायला आत गेला. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. तिला हसू येण्यासारखं काहीच दिसेना.

रविवारी संध्याकाळी तो शिडीवर चढला तेव्हा ती आदळआपट करत बाबांची बॅग भरत होती. त्याने बटण दाबलं. भिंतीवरून मऊ, पिवळसर उजेड खाली उतरला. बल्ब कुठेच दिसेना.

बाबा बाहेर आले आणि खुर्चीत बसले, काळा चष्मा न लावता.

"बरं वाटतंय का? नाहीतर ताईला..."

"ताईला गुरुवारीच कळवलं, येत नाही म्हणून."

"गुरुवारी?"

"हा कोपरा तेव्हाच ठीक झाला. तू प्रुफं द्यायला गेलीस की दिवा लावून इथेच बसायचो."

"आणि मी आले की स्टुलावर?"

"काम अडलेलं दिसायला नको का?" बाबा उठले. "मुलगा बरा वाटला मला." आणि गॅलरीत निघून गेले.

ती वायरमनकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, खरंच नाही. पण..." त्याने पेचकस या हातातून त्या हातात घेतला. "हे एका दिवसाचं काम होतं. मी चार दिवस केलं."

"झाकण राहिलं होतं ना?"

"पिशवीतच होतं. गुरुवारपासून."

"मी इकडे बॅग भरतेय, ताईशी फोनवर भांडतेय... आणि तुम्ही दोघं!"

"रागवा. पण आता खोटं काम काढून यायचं नाही मला. म्हणून म्हटलं, सरळ सांगावं, की..."

"की काय? अहो, एका झाकणाला चार दिवस लावलेत. एका वाक्याला किती लावणार?"

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "कामाशिवाय येऊ का? उद्या?"

तिने बॅगेतले बाबांचे सदरे एकेक करून बाहेर काढले. सगळे काढून होईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं.

"या," ती म्हणाली. "पण उद्या म्हणजे उद्याच."