बाण ओलांडलेली बाई

बाण वर्गात शिरला तेव्हा काचेच्या पेटीतला पहिला थेंब पडायचाच बाकी होता.

चौथीची पोरं श्वास रोखून बसली होती. पेटीत खाली ऊन पाणी, तोंडावर ताणून बांधलेलं प्लॅस्टिक, त्यावर बर्फाचा खडा. आत धुकं दाटलं होतं. धुक्याचे मणी झाले होते आणि मणी एकमेकांकडे सरकत होते... अगदी लाजत लाजत.

"आता बघा हं," बुआलाय बाई कुजबुजली. "हा पाऊस. आपण केलेला—"

फुस्सऽऽ! खिडकीतून धूर ओकत हातभर लांबीचा एक बाण आला आणि पेटीच्या ठिकऱ्या उडाल्या.

नशीब, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोरं ओरडली ती आनंदानं. टेबलावरून पाणी टपटपत होतं. पुढच्या बाकावरची चांतिमा टाळ्या पिटत म्हणाली, "बाई, पडला! बाणानं पाऊस पडला!"

झालं. आठवडाभराची मेहनत एका क्षणात मातीत. "बाष्पीभवन म्हणजे काय" असं विचारलं की या पोरांच्या वहीत समुद्र, वाफ, ढग सगळं यायचं, आणि ढगाच्या बुडाला हटकून एक बाण काढलेला असायचा. पाऊस अडवून बसलेल्या थेन देवाला टोचायला. आता तर त्यांना पुरावाच मिळाला!

बुआलायनं बाणाची बांबूची शेपटी मुठीत धरली आणि ती तरातरा निघाली. दाराबाहेर काढलेल्या चपला तिथंच राहिल्या.

"कुणाची ही शेपटी?" तिनं दुकानासमोर गप्पा मारत बसलेल्या बाप्यांना विचारलं.

"आमची तर आमच्यापाशी आहे, बाई!" एक जण म्हणाला आणि बाकीचे खिंकाळले. पण तिचे डोळे बघून एकानं मुकाट्यानं विहाराकडं बोट दाखवलं.

विहाराच्या अंगणात, चिंचेखाली, जत्रेत पावसासाठी आभाळात सोडायचा मोठा बाण आडवा पडला होता. मांडीएवढा जाड, वर सोनेरी कागद. भोवती माणसं, बाणाच्या दारूसाठी सोऱ्याची घमेली, कोळशाची पोती. आणि पलीकडं एक जण उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत कोळसा. तो हसला तेव्हाच कळलं की तोंड कुठल्या बाजूला आहे.

"अरे, सापडला का आमचा नमुना? मी म्हणत होतो गेला कुठं!"

राग वळसा घालून जात नाही. बुआलायनं लुंगीचा काठ वर धरला आणि सरळ बाण ओलांडून ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

 घमेल्यातला हात घमेल्यात राहिला.

"ओलांडला," कुणीतरी घशातल्या घशात म्हणालं. "बाईमाणसानं बाण ओलांडला..."

गावप्रमुख थोंगदी उठून उभा राहिला. तोच शाळा समितीचा अध्यक्ष. बुआलायची नेमणूक वर्षावर्षाची, आणि दरवर्षी सही याची. "पोरी, काय केलंस हे? अख्ख्या गावाची पुण्याई विटाळलीस!"

"आणि तुमची पुण्याई माझ्या वर्गात घुसली त्याचं काय? एखाद्या पोराचा डोळा गेला असता म्हणजे?"

"दोन वर्षं पाऊस नाही. अन् तू—"

"पाऊस मी अडवलाय? वरच्या अंगाला कालवा भरून वाहतोय साखर कारखान्यासाठी. त्याच्या फाटकाला कुलूप आहे. ते ओलांडायला गेला होता का तुमच्यापैकी एक तरी मिशीवाला?"

खरं बोललं की माणसं आधी खाली बघतात आणि मग चिडतात. थोंगदी चिडला.

"ऐक. बाण उडाला तर तुझं पाप धुतलं. नाही उडाला तर कुणामुळं, ते गावाला ठाऊक झालं. मग सामान बांधायचं."

जातानाही तिनं वळसा घातला नाही. बाण पुन्हा ओलांडला.

ती वर्गात काचा वेचत होती तेव्हा दारात सावली पडली. कोळसेवालाच. हातात खराटा.

"मी खाम्फान. सिमेंटचे रांजण करतो मी. जत्रा आली की बाण."

"आधी पाय पूस."

त्यानं पाय पुसले. मग हात. मग तोंड पुसायला गेला तर कोळसा आणखीच पसरला. बुआलायनं ओठ घट्ट दाबले. या माणसापुढं हसायचं नाही म्हणजे नाही.

"हसलात तरी चालेल," तो म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

"काचा उचल."

दुसऱ्या दिवशी तो काच घेऊन आला. तिसऱ्या दिवशी काचेला लावायचा डिंक. मग पोरांच्या बाकावर, गुडघे कानाला लावून, मागं बसायलाच लागला. एकदा बर्फाचा खडा आणायला त्याला दुकानात पिटाळलं. तो धापा टाकत परत आला आणि त्यानं मूठ उघडली. तळहातावर बोराएवढा तुकडा.

"बाई... वाटेत वाफ झाली त्याची."

"वाफ नाही झाली. वितळला. वाफ वेगळी. बस खाली, शीक जरा!"

"बसतो की," तो म्हणाला आणि बसला. तळहात मात्र तसाच पुढं. तिनं बर्फ उचलला तेव्हा बोटं भिजली... आणि पुढचं वाक्य ती विसरली. पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. पोरं काही आंधळी नसतात.

"तू एवढा हुशार," शाळा सुटल्यावर त्याच्या घराकडं चालता चालता ती त्याच्यावर खेकसली, "आणि थेन देव पाऊस पाडतो असं मानतोस?"

"तुमची वाफ पाडते ना? मग दोन वर्षं कुठं गेली होती?"

"दुसरीकडं पडली."

"म्हणजे आमच्यावर रुसली."

"वाफ रुसत नाही!"

"देव रुसतो. फार पूर्वी बेडकांनी लढून त्याला हरवलं, तेव्हा करार झाला: वेळेवर पाऊस देईन. दिला नाही म्हणून बाण. हा नवस नाही बाई, हा जाब आहे. मी दारू ठासतो ना, एकेक ठोका शिवी घालत ठासतो."

ती थबकली. या गावात रागावणारी आपण एकटीच, असं तिला वाटत होतं. हा तर रोज रागावून, हसत हसत, कामाला लागत होता. त्याच्या घरामागं रांजणांची रांग होती, सगळे आ वासून वर बघणारे, सगळे कोरडे. तिनं एकावर थाप मारली. रांजण आतून घुमला.

"माझ्यासारखाच आहे," खाम्फान म्हणाला. "रिकामा... पण हाक मारली की ओ देतो."

"पुरे," ती म्हणाली. पण हात रांजणावरच राहिला, आणि शेजारी त्याचा.

"बाण नाही उडाला तर?" तिनं हळूच विचारलं.

तो रांजणाच्या काठावरचं सिमेंट नखानं खरवडायला लागला.

जत्रेच्या दिवशी ढोल सकाळीच सुरू झाले. भाताची दारू, नाचणारे बाप्ये, मंडपात जिल्ह्याहून आलेल्या साहेबांसाठी गुबगुबीत खुर्च्या. बायकांना दोरीच्या अलीकडं ठेवलं होतं, बाणावर सावली पडू नये म्हणून. भात बायकांनी लावायचा, पाणी बायकांनी वाहायचं, आणि पाऊस मागायच्या वेळी बायकांची सावली वाईट! बुआलाय चौथीच्या पोरांना घेऊन दोरीला खेटून उभी होती. बाणाचा आणि ओलांडण्याचा काहीएक संबंध नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दोरी तिनं मुठीत घट्ट आवळली होती, आणि आवळली म्हणून ती स्वतःवरच चिडली होती.

बाण टेकवलेल्या उंच मचाणावर खाम्फाननं वात पेटवली.

बाण गर्जला. उठला. ताडाच्या शेंड्यापर्यंत गेला, तिथं क्षणभर विचारात पडला... कलला, आणि शेतात जाऊन आडवा झाला. वर फक्त धुराचा एक वेडावाकडा धागा.

सगळ्या माना वळल्या. बाणाकडं नाही, तिच्याकडं. थोंगदीनं तोंड उघडलं—

"माझी चूक!" मचाणावरून आरोळी आली. "दारू मी सैल ठासली! मी! चिखल कुठाय?"

ज्याचा बाण पडला त्यानं चिखलात जायचं, हा तिथला कायदा सगळ्या कायद्यांहून जुना. गाव क्षणभर गोंधळलं आणि मग हसायला लागलं. चार जणांनी खाम्फानचे हातपाय धरले आणि त्याला मुद्दाम पाणी ओतून चिखल केलेल्या खाचरात फेकून दिलं.

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. बुआलायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दोरीखालून वाकून निघाली आणि लुंगीसकट चिखलात उतरली.

"खोटारड्या!"

"बाईमाणूस चिखलात!" थोंगदी किंचाळला.

ती गर्रकन वळली. "चूक कुणाची ते एकदाचं ठरवा! माझी असेल तर हा चिखल माझा, याला बाहेर काढा. याची असेल तर याला बुडवलंत, झाला हिशोब. मग मला गावाबाहेर कशाबद्दल काढणार? एका बाणाला दोन गुन्हेगार?"

थोंगदीनं इकडंतिकडं बघितलं. दोरीपलीकडून त्याच्या बायकोचाच आवाज आला, "अहो, बरोबर बोलतेय ती! बुडवलंय ना एकाला? बास झालं. पोर शिकवते चांगली. चला, भात गार होतोय."

बायका हसल्या. मग बाप्येही. साहेबांच्या मंडपातूनही हसण्याचा आवाज आला, तेव्हा थोंगदीला हसावंच लागलं. दातओठ खात माणूस हसला तर जसं दिसतं, तसं.

चिखलात मात्र कुणी हसत नव्हतं.

"खरं सांग. सैल ठासली होतीस?"

"नाही. दगडासारखी ठासली होती."

"मग पडला का?"

"माहीत नाही."

"मग कबूल कशाला झालास? मी सांगितलं होतं मला वाचव म्हणून? माझ्यासाठी आजवर कुणी खोटं बोललेलं नाही, आणि मला ते नकोय!"

"तू गेली असतीस," खाम्फान म्हणाला. डोळ्यांत चिखल गेला होता, म्हणून की काय, तो सारखे डोळे मिचकावत होता. "पाऊस नाही आला तर अजून एक वर्ष काढेन मी. सवय आहे. तू गेली असतीस तर... ते मला जमलं नसतं."

बुआलायनं ओंजळभर चिखल उचलला आणि त्याच्या छातीवर थापला. हात मग तिथंच राहिला. आत काहीतरी धडधडत होतं, ढोलाहून जवळ.

"पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललास तर बघ."

"तर काय?"

"तर लग्न नाही करणार तुझ्याशी."

तो आ वासून बघत राहिला. "म्हणजे आता—"

"तोंड मीट. चिखल जाईल."

दोघं बांधावर येऊन बसली. ऊन असं, की चिखल बघता बघता पांढरा पडला आणि त्याला भेगा गेल्या. चौथीची पोरं भोवती गोळा झाली. चांतिमानं बोटाच्या टोकानं बाईंच्या गालावरची एक खपली उचलून बघितली. कोरडी ठणठणीत.

"बाई, यातलं पाणी कुठं गेलं?"

बुआलायनं खाम्फानकडं बघितलं. त्यानं मुकाट्यानं बोट वर केलं. पोरांनी वर बघितलं. आभाळ धुतल्या ताटासारखं, एक ढग नाही.

"मग खाली कधी येणार?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. पोरांपुढं हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. "येईल तेव्हा मोजू आपण. मी इथंच आहे."

सांगितलं तिनं पोरीला. पण मंडपात भात खात बसलेल्या थोंगदीला ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.