पाच मीटरवरची तीन मिनिटं

केतकीचा कान दुखायला लागला तो सप्टेंबरातल्या एका बुधवारी, आणि तिच्या आईनं, वृषालीनं, ते फारसं मनावर घेतलं नाही. तेरा वर्षांची पोर, दिवसभर कानात काही ना काही खुपसून बसायची. शनिवारपर्यंत दुखणं थांबलं नाही तेव्हा ती तिला घेऊन हैदराबादेतल्या कोठी भागात गेली. कुकटपल्लीत कानाचे डॉक्टर काही कमी नव्हते, पण नवऱ्याच्या, गिरीशच्या घरचं सगळं अजून कोठीशीच बांधलेलं. त्याचे आजोबा दिगंबरराव हायकोर्टात वकिली करायचे, वडील जवळच्याच कॉलेजात शिकवायचे. तिथलं घर सोडून वीस वर्षं झाली, तरी कान-नाक-घसा म्हटलं की पुस्तकांच्या दुकानांमागचा जिना चढून डॉक्टर पद्मावतींकडेच जायचं.

डॉक्टरांनी दोन्ही कानांत बराच वेळ पाहिलं. मुलगी एवढ्यात विमानातून आली का, असं विचारलं. वृषालीनं सांगितलं, जूनमध्ये आलो परत, त्यानंतर नाही. मग पाण्यात खोल गेली होती का? त्यावर वृषाली हसली आणि म्हणाली, आम्ही चार वर्षं फिलिपिन्सला होतो, तिथं डायव्हिंग करायचो, पण शेवटचं डाइव्ह मे महिन्यातलं.

डॉक्टरांनी हातातला बॅटरीचा दिवा टेबलावर ठेवला.

"नहीं अम्मा," त्या म्हणाल्या. "पर्दे पर दाब का निशान है। ये कल-परसों का है।"

वृषालीला याचा रागच आला. दाब हा तिचा रोजचा विषय. कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती दाबमापकं तपासायची. बॉयलरवरचं, ऑक्सिजनच्या टाकीवरचं मापक खरं बोलतंय की खोटं, हे ठरवून त्यावर सही करायची. माणसांच्या आठवणीवर तिचा विश्वास नव्हता, नोंदीवर होता. शेवटचं डाइव्ह नेमकं कुठल्या तारखेचं, ते पाहून डॉक्टरांना कळवू, असं ठरवून ती घरी आली.

गिरीशच्या कंपनीनं त्याला फिलिपिन्समधल्या सेबूला पाठवलं होतं ते दोन वर्षांसाठी. राहिले चार वर्षं, त्याला कारण समुद्र. हैदराबादेत वाढलेली माणसं ती, समुद्र म्हणजे सुट्टीत पाय भिजवायची जागा. वृषालीला तर अडतिसाव्या वर्षापर्यंत धड पोहताही येत नव्हतं. दहा वर्षांच्या केतकीबरोबर ती हॉटेलच्या तलावात शिकली, आणि मग दर शनिवारी पहाटे तिघं डबे भरून दक्षिणेच्या किनाऱ्याला जायला लागले. डोक्यावरून तारली माशांचा थवा गेला की भरदुपारी अंधारून यायचं. कासवाला पाहून केतकी तोंडातल्या नळीतूनच खिदळायची आणि तिच्या हसण्याचे बुडबुडे वर जायचे.

एकदा मात्र जिवावर बेतलं होतं. पाण्याखालच्या कड्याजवळ एका प्रवाहानं तिघांनाही खाली ओढलं, अर्ध्या मिनिटात अठरा मीटरवरून तीसवर. केतकी घाबरून सुसाट वर निघाली होती. वृषालीनं तिला जाकिटाला धरून थोपवलं. खोल पाण्यातून एकदम वर येणं म्हणजे हलवलेली सोड्याची बाटली उघडणं, रक्त फसफसतं. तिनं पोरीला इंचाइंचानं वर आणलं आणि नियमाप्रमाणे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवून ठेवलं. वर लाटा दिसत होत्या, ऊन दिसत होतं, पोर रडत होती, आणि तरी थांबायचं. ती तीन मिनिटं वृषाली जन्मात विसरणार नव्हती.

डायव्हिंगचं सामान माळ्यावरच्या निळ्या पिशवीत होतं. केतकीचा डाइव्ह कॉम्प्युटर वरच्याच कप्प्यात सापडला. जाड मनगटी घड्याळासारखं यंत्र ते. पाण्यात उतरलं की आपोआप सुरू होतं. किती खोल, किती वेळ, पाणी किती गार, सगळं लिहून ठेवतं. वृषालीनं मागच्या नोंदी उघडल्या. मेमधलं शेवटचं डाइव्ह तिच्या हिशेबानं एकशे सातवं असायला हवं होतं.

पडद्यावर एकशे एकोणीस होतं. तारीख कालची, शुक्रवारची. वेळ दुपारी तीन बावन्न. खोली तेहतीस मीटर.

ती स्टुलावरच बसली. एकशे आठ ते एकशे एकोणीस, बारा नोंदी. सगळ्या ऑगस्टपासूनच्या, सगळ्या मंगळवारच्या नाहीतर शुक्रवारच्या, दुपारी चारच्या आसपासच्या. पहिली अकरा मीटर, मग तेरा, पंधरा, सतरा. प्रत्येक वेळी दोन मीटर जास्त. केतकीच्या वयाला अठराच्या खाली जायची परवानगीच नव्हती.

यंत्र बिघडलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोमवारी ती ते कारखान्यात घेऊन गेली, जेवणाच्या सुट्टीत पाण्यानं भरलेल्या तपासणीच्या टाकीत सोडलं आणि दाब चढवत नेला. दहा मीटरला दहा, वीसला वीस, चाळीसला चाळीस. केसाचाही फरक नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचं असतं तर तिनं डोळे मिटून सही केली असती.

संध्याकाळी तिनं गिरीशला सगळं दाखवलं. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणाला, असं होतं, जुन्याच नोंदी पुन्हा लिहिल्या गेल्या असतील. मग तिनं त्याला प्रत्येक डाइव्हचा आलेख दाखवला. हळूहळू खाली गेलेली रेघ, हळूहळू वर आलेली, आणि वर येता येता पाच मीटरवर एक सरळ आडवा तुकडा. तीन मिनिटांचा. बाराही आलेखांत होता तो.

"बिघडलेलं यंत्र थांबा घेत नाही, गिरीश."

गिरीशनं यंत्र उलटं करून मागचं झाकण चाचपलं. मग म्हणाला, बॅटरी काढून टाक आणि विषय संपव.

"बॅटरी काढली तर आपल्याला आकडा दिसणार नाही, एवढंच," वृषाली म्हणाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी केतकीला शिकवणी नसायची. शाळेतून आली की ती झोपायची, आणि दोघंही सहापर्यंत कामावर. वृषालीनं तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी झोप लागते का गं? केतकीनं मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, हौ, मस्त लागते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दोघांनीही अर्धी रजा घेतली.

केतकी साडेतीनला आली. आईबाबा दोघंही घरी पाहून तिला नवल वाटलं, पण तिनं फार चौकशी केली नाही. चहात बुडवून चार उस्मानिया बिस्किटं खाल्ली, कपडे बदलले आणि खोलीत जाऊन आडवी झाली. "मला नक्को उठवू हं, आई," एवढंच म्हणाली. पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली.

वृषाली पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसली. यंत्र तिनं समोरच्या टेबलावर ठेवलं होतं, कोरडं, एका घडी घातलेल्या रुमालावर. गिरीश दारात उभा होता. आठव्या मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा भोंगा ऐकू येत होता. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली.

तीन एकावन्नला केतकीचा श्वास बदलला.

लांब आत, लांब बाहेर. ओठ किंचित विलग झाले आणि दात काहीतरी चावून धरल्यासारखे मिटले. वृषालीनं तो श्वास तीन वर्षं शेजारून ऐकला होता. मग झोपेतच केतकीनं हात वर नेला, चिमटीत नाक धरलं आणि कानांतला दाब सोडला.

टेबलावरच्या यंत्रानं बारीक आवाज केला.

एक पूर्णांक पाच. तीन. सहा.

रुमाल कोरडाच होता. वृषालीनं बोट लावून पाहिला.

बारा. सतरा. बावीस. गिरीश पुढं आला आणि केतकीच्या खांद्याला हात घालून तिला हलवणार, तेवढ्यात वृषालीनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस."

"अगं, उठवू दे तिला. झोपलीय ती."

"सव्वीस मीटरवर आहे ती," वृषाली म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. "आत्ता एकदम उठवलीस तर काय होईल, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

गिरीशनं हात मागं घेतला.

एकतीस. तेहतीस. पस्तीस. इथं थांबेल असं तिला वाटलं होतं. खोली दोनदोनच मीटर वाढत होती आजवर.

छत्तीस.

अडतीस.

केतकीच्या ओठांचा रंग उतरला होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. वृषालीनं घड्याळाकडं पाहिलं आणि मग घड्याळाकडं पाहायचं सोडून दिलं. खुर्ची पुढं ओढून तिनं केतकीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हात बर्फासारखा गार होता. तिनं आपला अंगठा केतकीच्या तळव्यावर टेकवला आणि मनगटाच्या दिशेनं ठामपणे दाबत नेला. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसेनासं झालं की त्या दोघी ही खूण करायच्या. वर चल.

काहीच झालं नाही.

चाळीस.

तिनं पुन्हा दाबलं. वर चल. आणि स्वतः श्वास घ्यायला लागली, लांब आत, लांब बाहेर, पोरीच्या श्वासात श्वास मिसळून.

आकडा थांबला.

कितीतरी वेळ तो चाळीसवरच होता. मग एकोणचाळीस झाला.

"वर येतेय," गिरीश कुजबुजला.

वृषालीनं मान हलवली नाही. ती मोजत होती. घाई झाली असं वाटलं की हातावरची पकड घट्ट करायची, रेंगाळली की सैल सोडायची. तीस. बावीस. पंधरा. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि हातातला हात तसाच गार होता. नऊ. सात.

पाच मीटरवर यंत्रावर तीन मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली.

दोघांनीही ती तीन मिनिटं उभ्या-बसल्या जागेवर काढली. बाहेर भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला होता. गिरीशचे ओठ हलत होते. त्याला देवाधर्माचं काही येत नव्हतं, तो बहुधा सेकंदच मोजत होता.

शून्य.

केतकीनं डोळे उघडले, आवंढा गिळला आणि पाणी मागितलं.

गिरीशनं आणलेला तांब्या तिनं एका दमात संपवला. तिच्या गालांवर रंग परत येत होता. वृषाली काही विचारणार, त्याआधी तीच कुरकुरली, अगदी कपडे हरवल्याची तक्रार करावी तशी.

"आई, माझे दोन्ही हात कशाला धरून ठेवलेलीस गं? मला नाकच दाबता येईना. किती दुखला माहितीय कान?"

वृषालीनं गिरीशकडं पाहिलं. तिनं एकच हात धरला होता, उजवा. भिंतीकडचा डावा हात पांघरुणाखाली होता.

"सॉरी," ती म्हणाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी दोघंही पुन्हा घरी थांबले. केतकी झोपलीच नाही. झोप येत नाही म्हणाली, अभ्यास करत बसली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. कारखान्यातल्या टाकीतली चाचणी धरून यंत्रात एकशे एकविसावी नोंद शेवटची राहिली. डॉक्टर पद्मावतींनी कान पुन्हा तपासला, पडदा साफ आहे म्हणाल्या, आणि वृषालीच्या पाठीवर हात ठेवून तिला जरा विश्रांती घ्यायला सांगितलं. गिरीश घरात परत हसायला लागला. रात्रीच्या जेवणात तिघांची पुन्हा थट्टामस्करी सुरू झाली. केतकी तर इतकी खुशीत होती की मराठी-तेलुगू-इंग्रजीची भेळ करून तासन् तास बोलायची. नवी मैत्रीण मिळाल्यासारखी, असं गिरीश म्हणाला.

ऑक्टोबरच्या एका सोमवारी वृषाली तिला शाळेत जाताना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं. केतकी आत शिरली, दप्तर उजव्या खांद्यावर घेतलं आणि वळून उभी राहिली. दारं मिटायला लागली, तशी तिनं उजव्या हातानं दार उघडं ठेवायचं बटण दाबलं. डावा हात तिनं अंगापासून जरा लांब धरला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

काही विसरलीस का, असं वृषालीनं विचारलं. केतकीनं हसून नाही म्हटलं.

ती कोपऱ्याकडं सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली. क्षणभर थांबली. मग बटण सोडलं.